केसांतला आकडा

आमच्या घरातल्या एकूण एक कपड्याला भोकं होती. गरिबीची नव्हेत, अ‍ॅसिडची. त्र्यंबक रस्त्याला लागून पुढे वडिलांचं दुकान आणि मागे आमच्या दोन खोल्या, अशी ती जागा. दुकानात बॅटऱ्या भरायच्या, उतरवायच्या, धुवायच्या, आणि त्यातला एखादा थेंब कुठे ना कुठे उडायचाच. नवी कोरी ओढणी घ्यावी, चार दिवसांनी धुवायला काढावी, तर तिच्यावर मोहरीएवढी भोकं पडलेली. दोरीवर कपडे वाळत घालताना आई म्हणायची, "चोर आला तरी न्यायचा नाय. नेसून बाहेर पडला का सगळा गाव ओळखंल, मिस्त्रीच्या घरचं हाय." शाळेत मुली चिडवायच्या, मी घरी येऊन आदळआपट करायचे, आणि आई त्या भोकांवर रंगीत दोऱ्यानं बारकी फुलं भरून द्यायची. माझ्या एका परकराला तर इतकी फुलं झाली होती की शेजारच्या बायका तसाच परकर कुठे मिळतो म्हणून विचारायला आल्या होत्या.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. गाड्यांच्या विजेची कामं करणारे त्या रस्त्यावर दोन-तीन जण होते, पण सगळे ड्रायव्हर आमच्याकडे यायचे, कारण आप्पांना कान होता. सकाळी मागच्या खोलीत चहा पिता पिता ते बाहेरच्या गाडीचा आवाज ऐकायचे आणि बशी खाली ठेवून म्हणायचे, "कार्बन झिजले हिचे." बाहेर जाऊन खोलून बघावं तर आतले कार्बनचे ठोकळे खरोखरच झिजलेले. आमची सकाळ म्हणजे आवाजांचीच होती. इकडे आईचा भाकरी थापल्याचा आवाज, तिकडे हातोडीची टकटक, मध्ये रेडिओवरचे बाजारभाव, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे एखाद्या मरू घातलेल्या बॅटरीवर सेल्फ मारणाऱ्या गाडीचं कण्हणं. खुरासणीच्या चटणीचा वास आणि अ‍ॅसिडचा वास एकत्र आला की मला अजूनही भूक लागते. हे मी कुणाला सांगितलं तर हसतात, पण नाकाला कोण शिकवणार?

या सगळ्यात माझं काम होतं चावी फिरवायचं. पाय एक्सलरेटरपर्यंत पोचत नव्हते तेव्हापासून, सीटच्या कडेवर बसून मी ते करत आले. आप्पा बॉनेटमध्ये डोकं घालायचे आणि आतून हाक यायची, "सुमे, चावी!" मग, "थोडी रेस दे. अजून. बास, बास." त्यांचं तोंड मला कधी दिसायचं नाही, बॉनेटच्या झाकणाखालून फक्त पाय दिसायचे. आणि मला काय दिसायचं, ते त्यांना दिसायचं नाही. माझ्यासमोर सगळा डॅशबोर्ड असायचा. चावी अर्धी फिरवली की बारके दिवे पेटायचे, तेलाचा एक, चार्जिंगचा लाल एक. इंजिन धडधडलं की ते विझायचे. कुठल्या गाडीचा कुठला दिवा कसा पेटतो, कुठला आधी विझतो आणि कुठला रेंगाळतो, हे मला पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ होतं. पाढे अजूनही कच्चेच आहेत.

आणि मग मी दहावी झाले आणि हाका बंद झाल्या. कुणी रागावलं नाही, काही घडलं नाही. पिंपळगावहून माझी मावशी आली होती. तिनं चहा पिता पिता आईला विचारलं, "पोरगी ड्रायव्हर लोकांच्या गाड्यांत बसते व्हय? उद्या स्थळं यायला लागतील." तेवढंच. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी दुकानात गेले, तर आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू घरात थांबत जा आता. मोठी झालीस." मी खूप रडले. ज्या कामासाठी आपण जन्माला आलो असं वाटतं ते वयाच्या सोळाव्या वर्षी हातातून काढून घेतलं, तर माणूस दुसरं काय करणार? दोन वर्षं मी मधल्या दारामागे बसून शिवण शिवत गाड्या ऐकल्या. मनातल्या मनात खोट ओळखायची आणि आप्पा काय सांगतात ते ऐकायचं, हाच माझा खेळ. दहात सात वेळा आमचं जुळायचं. उरलेल्या तीनांत बहुतेकदा तेच बरोबर असायचे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

त्याच दोन वर्षांतल्या दुसऱ्या वर्षी काशिनाथभाऊंची जीप आली. हरसूलकडच्या डोंगरातला हा माणूस. स्वतःच्या जीपमधून त्र्यंबक-नाशिक माणसं वाहायचा. श्रावण संपता संपता तो पहिल्यांदा आला, बॅटरी रोज उतरते म्हणून. आप्पांनी बॅटरी तपासली, ती जुनी होतीच, बदलायला सांगितली. पंधरा दिवसांत नवीही उतरली. मग आप्पांनी मीटर लावला. इंजिन चालू असताना चौदा व्होल्टच्या आसपास दिसायला हवं, तिथे बारासुद्धा धड दिसेना. म्हणजे खोट अल्टरनेटरमध्ये, गाडी चालताना बॅटरी भरणाऱ्या यंत्रात; बॅटरी बिचारी खाल्लं तेवढं देत होती, तिला कुणी वाढतच नव्हतं. आप्पांनी अल्टरनेटर काढला, कार्बन बदलले, टेबलावर जोडून फिरवला, झकास चालला. परत गाडीत बसवला. प्रवासी खोळंबून उभे होते, काशिनाथभाऊ घाईघाईनं निघून गेले. दोन्ही वेळा चावी त्यांनीच फिरवली होती. मी दारामागे होते, आणि दारामागून डॅशबोर्ड दिसत नाही.

त्यानंतर आली खंडेनवमी. आमच्याकडे दिवाळीपेक्षा तिचा थाट मोठा. आप्पा आदल्या दिवशीच सगळी हत्यारं रॉकेलनं धुऊन पुसून ठेवायचे. नवमीला सकाळी पाटावर स्वच्छ फडकं, त्यावर पाने, पकडी, पेचकस, डाग द्यायची कावी, आणि मधोमध मीटर. हळदकुंकू, झेंडू, नारळ. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही. "वर्षभर आपल्यासाठी राबत्यात," आप्पा म्हणायचे, "एक दिस त्यांना बसू द्या." या बाबतीत त्यांच्यापुढे साक्षात ब्रह्मदेवाचंही चाललं नसतं. एका वर्षी एका बड्या माणसाची गाडी दारात बंद पडली, तर त्यांनी त्याला चहा पाजला आणि टांगा बोलावून दिला.

तर त्या नवमीला, साधारण अकराच्या सुमाराला, आई पुरण वाटत होती आणि बाहेर जीप आली. आली म्हणजे काय, आचके देत आली आणि दारातच मेली. मी आतून आवाज ओळखला. काशिनाथभाऊंच्या शेजारच्या सीटवर त्यांची म्हातारी आई होती, ठकूबाई. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. नाशकात डोळ्याचं ऑपरेशन करून त्या दिवशी घरी निघाल्या होत्या.

"आप्पा, आज सोडवा," काशिनाथभाऊ म्हणाले. "डाक्टरनं सांगितलंय, धुरळा नको, दणके नको. गाडी ज्यागोज्यागी बंद पडतिया. घाटात पडली तं हिला उतरवून ढकलू का काय करू?"

आप्पांनी पाटाकडे बघितलं, मग म्हातारीकडे. "काशिनाथ, आज हत्यार उचलत नाय मी. उद्या सकाळी ये, पहिलं तुझं काम."

"उद्या कसं जमंल? रातभर हिला कुठं ठेवू?"

"आमच्याकडं ठेव."

"नाय बा," म्हातारी आतून म्हणाली, "घट बसलेत घरी. मला माझ्या घरी ने."

आप्पा पुन्हा पाटाकडे वळले. मला ते दारातून स्पष्ट दिसत होते. आधीच दोनदा गाडी दुरुस्त करून दिली होती आणि ती पुन्हा दारात मेली होती. त्यांच्यासाठी याच्याइतकी लाजेची दुसरी गोष्ट नव्हती. म्हणाले, "हत्याराला हात नाय लावायचा. पण बघायला काय जातंय?" आईनं म्हातारीला बाहेर खुर्चीवर बसवून चहा दिला. आप्पांनी बॉनेट उघडलं, हात पाठीमागे बांधले, आणि आत वाकले. पट्टा बघितला, वायरी बघितल्या. आणि मग, सवयीनं, मागे न वळता, दोन वर्षांपूर्वीच्याच आवाजात त्यांनी हाक मारली:

"सुमे, चावी!"

हाक मारली आणि आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं. पाठ ताठ झाली. पण ते वळले नाहीत आणि शब्द मागेही घेतला नाही. आईचा हात वाटणावर थांबला होता. ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "जा की. हाक मारली ना?" माझ्या आयुष्यात पुष्कळांनी मला पुष्कळ दिलं, पण आईच्या त्या 'जा की'चे उपकार मी कशानं फेडणार? मी ओढणी खोचली आणि सीटवर जाऊन बसले. पाय आता व्यवस्थित पोचत होते.

चावी अर्धी फिरवली. तेलाचा दिवा मिणमिण पेटला, बॅटरीत अजून धुगधुगी होती. आणि शेजारी, जिथे चार्जिंगचा लाल दिवा पेटायला हवा, तिथे काळोख. सगळे ड्रायव्हर तो लाल दिवा पेटला की घाबरतात. तो पेटायलाच हवा तेव्हा पेटला नाही, तर कुणाचं लक्ष जात नाही. माझं गेलं, कारण लहानपणापासून मी दुसरं काही बघितलंच नव्हतं.

"आप्पा, लाल पेटत नाय."

"काय?"

"चार्जिंगचा. इंजिन बंद असताना पेटायला पाहिजे ना?"

 मग ते हळू म्हणाले, "जीव हाय का बघ डायनमोत." ते अल्टरनेटरला शेवटपर्यंत डायनमोच म्हणायचे. जीव बघायची त्यांची युक्ती मला माहीत होती. चावी अर्धी फिरवलेली असताना अल्टरनेटरच्या पाठीला पेचकसाचं टोक टेकवायचं. आत वीज पोचत असेल तर लोहचुंबक होतं आणि टोक ओढलं जातं. पण पेचकस पाटावर कुंकू लावून बसलेला! आप्पा काही त्याला हात लावणार नव्हते. मी चावी तशीच ठेवून उतरले, वेणीतला आकडा उपसला आणि तो अल्टरनेटरच्या पाठीशी धरला. आकडा ढिम्म. भिंतीला धरावा तसा.

"जीव नाय," मी म्हटलं.

"टेबलावर तं होता," आप्पा पुटपुटले.

इथे थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. अल्टरनेटर वीज तयार करतो खरा, पण सुरुवातीला त्याला चिमूटभर वीज बाहेरून द्यावी लागते. विरजण लावल्याशिवाय दुधाचं दही होत नाही, तसं. ते विरजण त्या लाल दिव्याच्या बल्बमधूनच जातं. टेबलावर आप्पांनी ते स्वतःच्या तारेनं दिलं होतं, म्हणून तिथे तो चालला. गाडीत ते पोचत नव्हतं. आता अंबडला मी जे दुकान चालवते तिथे गाडीला संगणक जोडतात आणि तो पाच मिनिटांत कागद काढून देतो. चांगलंच आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण कामावरच्या मुलींना मी अजूनही आधी गाडीत बसून दिवे बघायला लावते, आणि त्या माझ्यामागे डोळे फिरवतात तेही मला माहीत आहे.

मी परत सीटवर बसून डॅशबोर्डखाली हात घातला. लाल दिव्याची वायर लागली, तिच्या टोकाचा होल्डरही लागला. होल्डर रिकामा. बल्बच नाही. मी वर बघितलं, आणि माझ्या नाकासमोर, डॅशबोर्डच्या वर, प्लॅस्टिकचं छोटंसं देऊळ होतं. आत महादेवाची पिंड, आणि पिंडीमागे एक बारका बल्ब मंद जळत होता. डॅशबोर्डातल्या बल्बाच्याच मापाचा.

"काशिनाथभाऊ, देवाला हा दिवा कधी बसवला?"

"श्रावणातल्या पहिल्या सोमवारी," ते अभिमानानं म्हणाले.

"बल्ब कुठनं आणला?"

"इथलाच घेतला. त्या लाल दिव्याचा काय उपेग? गाडी चालू झाली का विझतो. फुकट बसलेला. म्हनलं देवापाशी तरी जळंल."

"आणि बॅटरी कधीपासून उतरते?"

काशिनाथभाऊ बोटांवर महिने मोजू लागले आणि श्रावणावर येऊन थांबले. आप्पा बॉनेटमधून बाहेर आले. एकदा देवळाकडे, एकदा काशिनाथभाऊंकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून मटकन पायरीवर बसले. मग त्यांना हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

मी बल्ब काढायला हात पुढे केला तर काशिनाथभाऊ घाबरले. "ताई, देवापुढचा दिवा काढायचा? आन नवरात्रात? आईचा डोळा तसाच..."

खुर्चीवरून ठकूबाईचा आवाज आला. "काढ ग पोरी, काढ. महादेवाला तिसरा डोळा हाय, त्याला अंधारात बी दिसतं. माझा एकच उरलाय, मला घरी जाऊ दे."

बल्ब बोटांनी काढला, बोटांनीच होल्डरमध्ये बसवला. चावी फिरवली. लाल दिवा पेटला. थकलेल्या बॅटरीवर पेटला तो, पण मला इतका सुंदर लाल रंग नंतर कधी दिसला नाही. मी उतरून आकडा अल्टरनेटरजवळ नेला आणि त्यानं तो माझ्या बोटांतून ओढून घेतला, टक्क. आप्पांनी तो आवाज ऐकला.  शेजारच्या केशकर्तनालयातली दोन गिऱ्हाइकं अर्धी दाढी झालेली, तशीच आली, सगळ्यांनी मिळून जीप ढकलली, मी क्लच सोडला आणि इंजिन पेटलं. लाल दिवा विझला. मी हेडलाइट लावले आणि रेस दिली, तसे समोरच्या भिंतीवर दोन पिवळे गोल उजळत गेले. मीटरची गरजच नव्हती.

बॅटरी भरावी म्हणून इंजिन तसंच चालू राहू दिलं आणि आईनं सगळ्यांना जेवायला बसवलं. पुरणपोळ्या दसऱ्याला करायच्या होत्या, पण आईनं चार लाटल्याच. ठकूबाईनं आमटीची वाटी तोंडाला लावली आणि म्हणाली, "मिस्त्री, लेक हुशार हाय तुमची." आप्पा पोळीचा तुकडा मोडत होते. ते मान वर न करता काशिनाथभाऊंना म्हणाले, "चूक माझी झाली काशिनाथ. तुझी बॅटरी बदलली, डायनमो खोलला, आन दिवा बघितला नाय. ही गाडीत बसली असती तं पहिल्याच दिशी कळलं असतं. मीच तिला उठवलं होतं तिथनं." परक्या माणसासमोर, जेवता जेवता, इतक्या साधेपणानं आपली चूक सांगणारा बाप मला मिळाला. लोक आईबापाचे उपकार मोजतात तेव्हा खाऊपिऊ घातलं, शिकवलं, लग्न केलं असं मोजतात. मला आधी ते ताटावरचं वाक्य आठवतं.

उन्हं कलायच्या आत जीप घाटाकडे निघून गेली. जाताना काशिनाथभाऊ म्हणाले, देवाला नवा बल्ब आजच घेतो, आणि त्याची वायर वेगळी जोडून द्यायला परवा येतो. "ताईकडनंच जोडून घीन," असंही म्हणाले. मी आप्पांकडे बघितलं नाही.

दिवेलागणीला आई घटापुढे वात लावत होती. आप्पा हातपाय धुऊन आले आणि पाटाजवळ बसले. "सुमे, तो आकडा आण." मला वाटलं, केसांतल्या वस्तूनं गाडीचं काम केलं म्हणून रागावतील. मी आकडा दिला. त्यांनी तो धोतराला पुसला, पकड जरा बाजूला सरकवली, आणि मीटरला लागून तो पाटावर ठेवला. हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूची एक पाकळी वाहिली. आई वात तशीच हातात धरून बघत राहिली.

"नवमीला ज्याला कुंकू लागलं," आप्पा म्हणाले, "ते दसऱ्याला उचलावंच लागतं. नाय उचललं तं हत्याराचा अपमान होतो." आणि उठून मोरीवर गेले. एवढंच. पिंपळगावच्या मावशीला त्यांनी नंतर काय सांगितलं, मला माहीत नाही. स्थळं आली, लग्नही झालं, पण ते पुढे, आणि माझ्या अटीवर. तो आकडा अजून आहे. गंजला आहे, एक पाय वाकडा झाला आहे. आमच्या पाटावर दर खंडेनवमीला पहिलं कुंकू त्याला लागतं, आणि कामावरच्या नव्या मुली हळूच एकमेकींना विचारतात की बाईंच्या पूजेत हे काय.

दसऱ्याच्या सकाळी मी न्हाऊन, पाटापुढे हात जोडून आकडा उचलला आणि वेणीत खोवला. कुंकवाचे कण केसांत राहिले. दुकानापुढे एक टेम्पो उभा होता, रात्री दिवे मंद होतात म्हणून आलेला. मी बाहेर गेले आणि सवयीनं ड्रायव्हरच्या दाराला हात घातला. दार आतून बंद होतं. सीटवर आप्पा बसले होते, एक हात चावीवर. मला म्हणाले, "इथं काय करतीस? बॉनेट तिकडं हाय."

मी पुढे गेले आणि झाकण उचललं. आता त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं, हे बरंच झालं. मी डोळे पुसले, आत वाकले आणि हाक दिली, "आप्पा, चावी!"